मेमेंतो पार्क: बुडापेस्टचे उतरवलेले पुतळे कसे पाहावेत

मेमेंतो पार्क वीस मिनिटांत पाहून होतं. बुडापेस्टहून परतलेले कितीतरी लोक ‘त्यात काही राम नाही’ म्हणतात, त्याचं कारण हेच. शहराच्या मध्यापासून दहाएक किलोमीटरवर, हमरस्त्याच्या कडेला, कुंपण घातलेलं उघडं माळरान आणि त्यावर कम्युनिस्ट राजवटीत उभारलेली आणि ती गेल्यावर शहरातून उतरवलेली चाळीसेक पुतळे-स्मारकं. सावलीपुरतंही झाड नाही, टेकायला हॉटेल नाही, पुतळ्याखाली दोन-तीन ओळींची पाटी. काहीच माहीत नसताना गेलात तर दहाव्या पुतळ्यानंतर सगळे सारखेच वाटू लागतात: हात वर केलेला माणूस, झेंडा धरलेला माणूस, मूठ आवळलेला माणूस.

मेख अशी की हे पुतळे चौकांसाठी घडवलेले आहेत. गावात येणारा रस्ता कुठे वळतो, संचलन कुठून येतं, पुढारी कुठे उभे राहून सलामी घेतात, या हिशेबानं त्यांची उंची आणि तोंडाची दिशा ठरली होती. उचलून माळावर ठेवल्यावर तो हिशेब दिसेनासा होतो. म्हणून निदान आठ पुतळ्यांचा मूळ पत्ता डोक्यात ठेवून जायचं आणि परत आल्यावर शहरातल्या त्या रिकाम्या जागांपैकी दोन-तीन पायांखालून घालायच्या. असं केलं तर दीड-दोन तास कसे जातात कळत नाही.

पुणेकराला रिकाम्या चौथऱ्याचा अर्थ समजावून सांगायला नको. लाल महालातला दादोजी कोंडदेवांचा पुतळा डिसेंबर २०१० मध्ये हलवला गेला, संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये मुठेत गेला. त्या वादांत तुमची बाजू कुठलीही असो, पुतळा गेल्यावर तो उभा होता तेव्हापेक्षा जास्त बोलला जातो हे आपण पाहिलेलं आहे. हंगेरीत १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यानंतर हाच प्रश्न एका पुतळ्याचा नव्हता, अख्ख्या शहराचा होता. फोडा म्हणणारे होते, राहू द्या म्हणणारेही होते. बुडापेस्टनं मधला मार्ग काढला: उतरवायचे, पण जपायचे. त्यासाठी स्पर्धा झाली, आकोश एलेओद या वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला आणि १९९३ मध्ये उद्यान उघडलं.

निघण्याआधी एक रंगीत तालीम

विमान बहुधा मुंबईहूनच असणार. त्याआधी एखादा दिवस मोकळा काढून, सामान न घेता, डेक्कन क्वीननं सीएसएमटीला जा. तिथून चालत काळा घोडा. या नावाचा जो पुतळा होता, घोड्यावर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, तो १९६५ मध्ये तिथून हलवला. आज त्या भागात स्वार नसलेला नवा घोडा उभा आहे, तो २०१७ मध्ये बसवला. तो नीट पाहून घ्या, मग लोकलनं भायखळा, आणि राणीच्या बागेला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात मूळ स्वार शोधा. बुधवार टाळा, आणि संग्रहालय उघडं असल्याची खात्री करून निघा.

या अर्ध्या दिवसात जे कळतं तेच बुडापेस्टला उपयोगी पडतं: आधी रिकामी जागा, मग पुतळा. फोटोही त्याच क्रमानं काढा. काळा घोडा चौकात मान वर करून पाहायला लावणारी आकृती आवारात हाताच्या अंतरावर आली की किती बापुडवाणी होते ते एकदा पाहिलं की मेमेंतो पार्कच्या रचनेतला अर्धा विचार तिथेच उलगडतो.

व्हिसा, सामान, पैसे

हंगेरी डिसेंबर २००७ पासून शेंगेन गटात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, आहे. नुसतं बुडापेस्ट करणारे थोडे. व्हिएन्ना, प्राग आणि बुडापेस्ट असं त्रिकूट करणारेच जास्त. अशा वेळी ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा. रात्री समसमान असतील तर जिथे पहिल्यांदा शिरणार त्या देशाकडे. अर्ज नाकारले जाण्यामागे हा घोळ बऱ्याचदा असतो, कारण तिकिटं एक सांगतात आणि हॉटेलांची आरक्षणं दुसरंच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करता येतो. पंधरा दिवसांची वाट पाहत बसू नका, दीड-दोन महिने आधी उरका. प्रौढांसाठी फी ९० युरो, जून २०२४ पासूनची. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत, त्यामुळे मागच्या चार-पाच वर्षांत शेंगेन व्हिसा घेतला असेल तर तसं अर्जात नमूद करा.

पुण्याहून बुडापेस्टला थेट विमान नाही. मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे सोयीचं पडतं. द्रुतगती मार्गावर घाटात अडकलात तर दीडशे किलोमीटरला किती वेळ लागेल सांगता येत नाही, हे पुणेकराला ठाऊकच आहे. उड्डाणाच्या आठ-नऊ तास आधी घर सोडलेलं बरं.

सामानात खाऊ असणारच. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. भाकरवडी, कोरडा चिवडा, मेतकूट, दशम्या (पाण्यात मळलेल्या) यांना हरकत नसते. यातला एखादा पुडा पार्कच्या दिवशी पाठपिशवीत हवाच. का ते पुढे येईल.

चलन फोरिंट. साधारण चार फोरिंट म्हणजे एक रुपया असा ठोकताळा धरा, म्हणजे आकड्यांनी छाती दडपत नाही. कार्ड सगळीकडे चालतं. यंत्रानं ‘रुपयांत घेऊ की फोरिंटमध्ये’ असं विचारलं तर नेहमी फोरिंट निवडा; रुपये निवडलेत तर दर त्यांचा लागतो आणि तो कधीच तुमच्या फायद्याचा नसतो.

कपड्यांबद्दल एकच: जागा उघडी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर जातो आणि सावली नसते. टोपी आणि लिटरभर पाणी लागतं. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा अंग कापतो, वाटा गोठून निसरड्या होतात. पुण्याच्या थंडीचा स्वेटर तिथे कामाचा नाही. एप्रिलअखेर ते जूनची सुरुवात आणि सप्टेंबर हे दिवस उत्तम.

ज्यांच्याशिवाय पुतळे मुके राहतात त्या तारखा

एवढ्या तारखा विमानात बसून पाठ होतात.

२१ मार्च १९१९ ला हंगेरीत बेला कुन यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत प्रजासत्ताक आलं आणि १३३ दिवसांत कोसळलं. उद्यानातले बरेच पुतळे १९४५ नंतर उभारलेले असले तरी त्यांचा विषय हे १३३ दिवस आहेत. नव्या राजवटीला देशी पूर्वज हवे होते. खुद्द कुन मॉस्कोला पळून गेले आणि १९३८ मध्ये स्टॅलिनच्याच शुद्धीकरणात मारले गेले.

डिसेंबर १९४४ च्या अखेरीस लाल सैन्यानं बुडापेस्टला वेढा घातला, तो १३ फेब्रुवारी १९४५ ला संपला. नाझींपासून सुटका झाली हे खरं, आणि आलेलं सैन्य पुढे ४६ वर्षं राहिलं हेही खरं. ‘मुक्ती’ या शब्दाची सगळी स्मारकं या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत उभी आहेत.

२३ ऑक्टोबर १९५६ ला कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध उठाव झाला. त्याच संध्याकाळी लोकांनी स्टॅलिनचा पुतळा पाडला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे परत शिरले. उठावाचे पंतप्रधान इम्रे नॉज यांना १९५८ मध्ये फाशी दिलं गेलं, आणि १६ जून १९८९ ला त्यांचं सन्मानानं पुन्हा दफन झालं. १९ जून १९९१ ला शेवटचा सोव्हिएत सैनिक देशाबाहेर पडला.

पोहोचायचं कसं

मेट्रोची चौथी मार्गिका पकडा. पूर्वेच्या केलेती स्थानकापासून केलेनफल्ड स्थानकापर्यंत ती दहा थांब्यांची आहे. मध्यवर्ती भागात राहत असाल तर कालविन तेर या थांब्यावर चढा आणि शेवटपर्यंत जा. दहा-बारा मिनिटं लागतात. केलेनफल्डहून १०१बी, १०१ई किंवा १५० क्रमांकाची बस. थांब्याचं नावच मेमेंतो पार्क आहे. शनिवार-रविवारी १५० वरच भिस्त ठेवा.

इथे दोन ठिकाणी लोक चुकतात. पहिली चूक केलेनफल्डला. स्थानकाला दोन बाजू आहेत, एतेले तेर आणि ओर्मेझो, मधून रेल्वेचे रूळ. चुकीच्या बाजूला वर आलात तर पुन्हा खाली उतरून पलीकडे जावं लागतं आणि तेवढ्यात बस जाते. जमिनीखाली असतानाच बसक्रमांक आणि बाण दाखवणाऱ्या पाट्या वाचा, शिवाय ‘बुडापेस्टगो’ हे शहर वाहतुकीचं ॲप उघडून त्या बसचा नेमका थांबा पाहा. मग जिना चढा.

दुसरी चूक तिकिटाची. साध्या एकेरी तिकिटावर मेट्रोतून मेट्रोत जाता येतं, मेट्रोतून बसमध्ये नाही. बससाठी दुसरं तिकीट लागतं. तपासनीसांना पर्यटकाची ही चूक तोंडपाठ असते आणि दंड जागेवर घेतात. ९० मिनिटांचं वेळेचं तिकीट किंवा सरळ २४ अथवा ७२ तासांचा पास घ्या. पार्क शहराच्या हद्दीतच आहे, पास तिथपर्यंत चालतो. कागदी तिकीट यंत्रात ठसा मारून घेतल्याशिवाय ग्राह्य नसतं. ज्येष्ठांसाठी एक सूचना: ६५ वर्षांवरील मोफत प्रवासाची पाटी पाहून आनंदून जाऊ नका, ती सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टवर मिळत नाही. विमानतळावरून शहरात येणाऱ्या १००ई बसला वेगळं तिकीट लागतं, साधा पास तिथेही चालत नाही.

उच्चाराचा एक नियम लक्षात ठेवला तर घोषणा कळतात. हंगेरियनमध्ये रोमन ‘एस’ म्हणजे ‘श’, आणि ‘एस-झेड’ जोडून आलं की ‘स’. म्हणून ते स्वतः बुदापेश्त म्हणतात. पुतळ्याला ‘सोबोर’ म्हणतात. रस्ता विचारताना ‘सोबोरपार्क’ म्हटलंत तर वयस्कर माणसाला पटकन कळतं. आडनाव आधी, नाव नंतर; पाटीवर ‘कुन बेला’ असं दिसेल.

बसमधून उतरल्यावर लगेच परतीच्या थांब्यावर जाऊन वेळापत्रकाचा फोटो काढा. बस वीस-तीस मिनिटांच्या अंतरानं येते, रस्ता वेगवान वाहनांचा आहे, आणि दारात टॅक्सी उभी नसते. टॅक्सी हवीच असेल तर ॲपवरून बोलवा. रस्त्यात हात दाखवून थांबवायची सवय इथे सोडा.

गटसहलीबरोबर आला असाल तर कार्यक्रमात हे ठिकाण नसतंच. ‘मोकळी दुपार’ असते ती वापरा आणि सहल व्यवस्थापकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. हॉटेल ते हॉटेल चार तास पुरतात.

पार्क दहा वाजता उघडतं, बंद व्हायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, हिवाळ्यात लवकर. दर आणि वेळा त्यांच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहा. बुडापेस्ट कार्ड घेतलं असेल तर त्याच्या यादीत पार्क आहे का तेही बघा. पोट मात्र केलेनफल्डलाच भरून घ्या. एतेले तेरच्या बाजूच्या मॉलमध्ये खाण्याचे ठेले आणि स्वच्छतागृहं आहेत. पार्कमध्ये धड खायला काही मिळत नाही. बेकरीत मिळणारा पोगाचा हा खारा गोल पाव झकास लागतो, पण शाकाहाऱ्यांनी सावध राहावं: ‘तेपेर्त्योश’ म्हणजे त्यात डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. ‘शायतोश’ म्हणजे चीजचा, ‘क्रुम्प्लीश’ म्हणजे बटाट्याचा.

आत शिरण्याआधी: बूट

घाईनं तिकीट खिडकीकडे जाऊ नका. आधी प्रवेशद्वाराकडे पाठ करून समोर पाहा. विटांच्या भल्या मोठ्या चौथऱ्यावर ब्राँझच्या बुटांचा एक जोड उभा आहे. बाकी काही नाही.

मूळ पुतळा स्टॅलिनचा, शिल्पकार शांदोर मिकुश यांनी घडवलेला, डिसेंबर १९५१ मध्ये उभारलेला. नुसती आकृती आठ मीटर, चौथऱ्यासकट पंचवीस मीटरच्या आसपास. खालच्या सज्जात उभे राहून पुढारी सलामी घेत. १९५६ च्या त्या संध्याकाळी दोर लावून ओढून तो पडेना, तेव्हा गुडघ्याच्या खाली धातू कापला. पुतळा कोसळला, बूट चौथऱ्यावरच राहिले. इथे दिसतो तो त्या सज्जाचा आणि बुटांचा २००६ मध्ये, उठावाच्या पन्नाशीला, बांधलेला नवा आविष्कार. मूळ बूट नव्हेत. अख्ख्या उद्यानात स्टॅलिन आहे तो एवढाच.

सज्जासमोर थोडं लांब जाऊन उभे राहा आणि मग मान वर करा. खाली उभं राहणाऱ्याला किती लहान वाटावं याचं माप कुणीतरी काढलं होतं, ते तिथे कळतं.

आता प्रवेशद्वार. लाल विटांची देवळासारखी भिंत, मधलं मोठं दार कायम बंद, आत जायचं बाजूनं. भिंतीच्या कमानींत एकीकडे लेनिन, दुसरीकडे मार्क्स आणि एंगल्स. भिंतीच्या मागे जाऊन पाहाल तर मागे इमारतच नाही, नुसता देखावा. हे वास्तुकारानं मुद्दाम केलेलं आहे.

लेनिन पाल पात्साई यांचा, १९६५ चा, संचलनाच्या मैदानाकडेचा. १९८९ मध्ये ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून उतरवला आणि परत गेलाच नाही. वाद न घालता पुतळा हलवण्याची ही युक्ती महापालिकांना जगभर सुचत असावी. मार्क्स-एंगल्स ग्योर्ग्य शेगेश्वारी यांचे, १९७१ चे, ग्रॅनाइटचे. पक्षाच्या मुख्यालयासमोर यासाई मारी चौकात होते. ठोकळ्यांसारखी कोनाकोनांची ही शैली पाहून ठेवा. आतल्या ब्राँझच्या पुतळ्यांशी तुलना करायला ती उपयोगी पडते.

आतला फेरा

तिकीट खिडकीवर इंग्रजी माहितीपुस्तिका मिळाली तर घ्याच. पाटीवर जे नाही ते तीत असतं. जवळच एक ट्राबांट गाडी उभी असते, पूर्व जर्मनीची. फोटोसाठी गर्दी तिथेच होते, ती शेवटी करा.

आराखडा असा आहे: मधून एक सरळ वाट, तिच्या दोन्ही अंगांना गोल फेरे, जोडीजोडीनं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. प्रत्येक फेरा तुम्हाला फिरवून पुन्हा मधल्या वाटेवर आणून सोडतो. पहिल्या जोडीत मुक्तीची स्मारकं, दुसरीत व्यक्ती, तिसरीत चळवळीतल्या कल्पना आणि प्रसंग. मध्यावर फुलांचा लाल तारा. आणि सरळ वाटेनं शेवटपर्यंत गेलात तर समोर विटांची भिंत, रस्ता संपला. लोक भिंतीपाशी येऊन ‘पुढे कुठे’ असं बघत राहतात. पुढे काही नाही, हाच मुद्दा आहे.

सरळ वाटेनं जाऊन परत येणं ही वीस मिनिटांची फेरी. ती करू नका. प्रत्येक आठ पूर्ण चाला, डावीकडून सुरुवात करून. पुढचे पाच चुकवू नका.

पहिल्या भागात झेंडा धरलेला सोव्हिएत सैनिक, झिगमोंद किशफलुदी श्त्रोब्ल यांचा. हा गेलेर्त टेकडीवर मुक्तिपुतळ्याच्या पायथ्याशी होता, १९४७ पासून. १९५६ मध्ये पाडला, पुन्हा ओतून बसवला, १९९२ मध्ये कायमचा उतरवला. वरची पामची फांदी धरलेली स्त्री मात्र आजही टेकडीवर आहे. एकाच स्मारकाची एक आकृती राहिली आणि एक गेली, म्हणून हा पाहायचा.

बेला कुन यांचं स्मारक, इम्रे वर्गा यांचं, १९८६ चं. उद्यानातलं सर्वांत हुशार शिल्प हेच, असं आमचं मत. सैनिक, कामगार आणि नीटनेटके शहरी लोक यांचा धातूच्या पत्र्यांचा जमाव पुढे सरकतोय, वर टोपी हातात घेतलेले कुन, आणि त्यांच्या शेजारी एक दिव्याचा खांब. समोरून पाहिलंत तर क्रांतीची मिरवणूक. बाजूला जाऊन, जमावाच्या शेवटाकडून, पुन्हा पाहा: खांब फासावर लटकवायच्या खांबासारखा दिसू लागतो. १९८६ मध्ये एवढं सरकारी पैशानं म्हणता येत होतं.

सोव्हिएत प्रजासत्ताकाचं स्मारक, इश्तवान किश यांचं, १९६९ चं: झेपावत धावणारा अवाढव्य खलाशी. १९१९ च्या ‘शस्त्र उचला’ या भित्तिचित्रावरून घेतलेला. ते रोबेर्त बेरेनी यांचं. बुडापेस्टवाले त्याला थिएटरातला कपडे सांभाळणारा म्हणत, ‘साहेब, तुमचा मफलर राहिला!’ असं ओरडत धावणारा. एकदा हे ऐकलं की दुसरं काही दिसत नाही. पेठेतल्या माणसाला अशी नावं ठेवण्याची कला नवी नाही. तो जिथे उभा होता तिथे आधी एक चर्च होतं, ते १९५१ मध्ये पाडलं.

शेवटी भिंतीजवळचे दोन कॅप्टन, स्टाइनमेत्स आणि ओस्तापेंको. वेढ्याच्या वेळी शरणागतीचा निरोप घेऊन गेलेले दोन सोव्हिएत अधिकारी. दोघेही मारले गेले, कसे यावर आजही वाद आहे. ओस्तापेंकोचा १९५१ चा पुतळा येनो केरेनी यांचा, बालातोन सरोवराकडे जाणारा रस्ता सुरू होतो तिथे होता. कित्येक पिढ्यांसाठी ‘ओस्तापेंकोला भेटू’ म्हणजे सुट्टीला निघायचं, फुकट गाडीची वाट पाहायची जागा. पुतळा गेला, पण जुनी माणसं त्या जागेला अजून त्याच नावानं ओळखतात. विचारधारेशी काडीचाही संबंध नसताना पुतळा लोकांचा होतो, तो असा. अलका टॉकीज बंद पडल्यावरही चौक अलकाच राहील तसं.

उरलेल्यांसाठी घाई केलीत तरी चालेल. बल्गेरियाचे कम्युनिस्ट पुढारी दिमित्रॉव्ह आणि कोनशिला नुसत्या नजरेखालून घाला.

फोटो काढताना पुतळ्यामागे आकाश येतं आणि ब्राँझ काळं पडतं. मोबाइलवर पुतळ्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून उजेडाची पट्टी थोडी वर ओढा. ढगाळ दिवस असेल तर हळहळू नका, धातूच्या घड्या त्यातच नीट दिसतात. मापासाठी प्रत्येक फ्रेममध्ये एक माणूस हवा. खलाशासारखी उडी मारून फोटो काढण्याची हौस सगळेच भागवतात. कुन यांच्या जमावापाशी थोडं भान ठेवा, कारण शेजारी उभ्या असलेल्या आजोबांच्या घरातलं कुणी १९५६ मध्ये गेलेलं असू शकतं.

बाहेर आल्यावर बुटांच्या बाजूच्या बराकीत १९५६ आणि १९८९-९० ची छायाचित्रं आहेत आणि गुप्त पोलिसांच्या प्रशिक्षणपटांतले तुकडे दाखवतात: घरात चोरून यंत्र कसं बसवायचं, पिशवीत कॅमेरा कसा लपवायचा. यासाठी अर्धा तास राखून ठेवा. उन्हातून आल्यावर बसायला मिळतं ते वेगळंच.

दुकानात लेनिनच्या मेणबत्त्या, बिल्ले, टीशर्ट मिळतात. घ्या, पण लाल तारा किंवा हातोडा-विळा अंगावर मिरवत शहरात फिरू नका; हंगेरीच्या कायद्यात १९९३ पासून या चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनावर बंधनं आहेत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी ट्राममधल्या म्हाताऱ्यांच्या नजरा पुरेशा असतात. ज्यांच्या लहानपणी ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं वह्यांना घातली गेली, त्या पिढीला या दुकानात हमखास गहिवर येतो. तिथल्या माणसाला तो समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका.

दुसऱ्या दिवशी: रिकाम्या जागा

सकाळी मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेनं, ही १८९६ ची, होशोक तेर म्हणजे वीरांच्या चौकात उतरा. तिथून दोझा ग्योर्ग्य रस्त्यानं पाच-सात मिनिटं चाललात की संचलनाचं मैदान. स्टॅलिन, लेनिन, खलाशी, तिघेही याच रस्त्यावर होते. स्टॅलिनच्या जागी आता गंजत्या लोखंडी खांबांचं २००६ चं उठाव-स्मारक आहे. मागून विरळ सुरू होऊन पुढे खांब दाट होत एक धारदार टोक बनतं. कालचा बुटांचा फोटो उघडून त्या टोकासमोर उभे राहा.

गेलेर्त टेकडी हवी असेल तर मेट्रोच्या चौथ्या मार्गिकेनं सेंत गेलेर्त तेर आणि मग पायी. पर्वती चढणाऱ्याला काहीच वाटणार नाही. वरच्या परिसरात दुरुस्तीचं काम चालू नाही ना, एवढं आधी पाहा.

मग सबाद्शाग तेर. इथला सोव्हिएत सैनिकांचा स्तंभ, सोनेरी ताऱ्यासह, अजून जागेवर आहे. रशियाशी झालेल्या करारामुळे तो हलवता येत नाही. काही पावलांवर २०११ पासून रोनाल्ड रेगन उभे आहेत. दोघे एका फोटोत बसवायचे तर लांबून काढावा लागतो.

तिथून उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांत यासाई मारी चौक, म्हणजे प्रवेशद्वारातल्या मार्क्स-एंगल्सचा मूळ पत्ता. आता तिथे इम्रे नॉज आहेत, छोट्या पुलावर उभे. तेही इथले नव्हेत: १९९६ पासून ते संसदेजवळ होते, डिसेंबर २०१८ मध्ये सरकारनं तिथून उचलले आणि पुढच्या वर्षी इथे आणून बसवले. चौकातूनच २ क्रमांकाची ट्राम सुटते, डॅन्यूबच्या काठाकाठानं दक्षिणेला जाते. पास चालतो. नदी दिसायला उजवीकडची खिडकी धरा.